‘दऱ्या’चा ‘दर्या’ होऊ नये म्हणून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

धरणग्रस्त वसाहतींतल्या नव्या कवींच्या पहिल्या संग्रहांची आपल्या रविवार पुरवणीत दखल घेतली जाते, हे चांगलंच. पण परीक्षण ‘अस्सल वेदना’ म्हणून थांबतं. वेदना अस्सल असतेच. संग्रह फसतो तो भलत्याच कारणांनी.

काळम्मावाडीचं धरण असो की चांदोलीचं, तिथून उठलेल्यांच्या कवितेत मुळं, घरटं आणि पाखरं इतकी झालीत की कोणत्या धरणात गाव गेलं तेही कळत नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर वर येणारं देऊळ तर ठरलेलंच. आणि विस्थापिताच्या तोंडी रोज असलेले शब्द मात्र बाहेर राहतात: संकलन रजिस्टर (बाधित कुटुंबांची सरकारी नोंदवही), खातेफोड (एका खात्याची वारसांत विभागणी), कब्जेपट्टी (जमिनीचा ताबा दिल्याचा कागद), पर्यायी जमिनीसाठी मोबदल्यातून भरायची ६५ टक्के रक्कम, कागदावरच्या १८ नागरी सुविधा. नाचणी-वरीच्या डोंगरउतारावरून शिरोळच्या काळ्या, क्षारपड रानात आलेल्या माणसाच्या पायाला काय वेगळं लागतं, ते एका ओळीत आलं की ‘मुळं’ आपोआप गळतात.

वसाहतीतच जन्मलेली पिढी न पाहिलेल्या गावावर लिहिते, तेही आजी-आजोबांच्या शब्दांत. तिचा खरा विषय वसाहत आहे: शेजारचं आधीपासूनचं गाव अजून ‘धरणग्रस्त’ म्हणूनच हाक मारतं, स्मशानभूमी कुणाची यावर वाद होतो. वसाहतीवरच्या कविता मात्र संग्रहाच्या शेवटी ढकललेल्या असतात. त्या आधी घ्याव्यात.

बोलीचं तर हमखास बिघडतं. मुद्रितशोधक ‘न्हाई’चं ‘नाही’ करतो, ‘हितं’ तसंच ठेवतो. एकाच कवितेत दोन माणसं बोलायला लागतात. कवीनं आपल्या शब्दांची एक पानभर यादी करून प्रत्येकाचं एकच लेखन ठरवून द्यावं. श्रीलिपी फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना ‘ऱ्य’चा रफार होतो. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला तर सह्याद्रीत समुद्र येतो! शेवटचं प्रूफ पडद्यावर नको, कागदावर वाचावं, तेही मोठ्यानं.

आता पानांचा हिशेब. डेमी या पुस्तकाच्या नेहमीच्या आकारात १६ पानांचा एक फॉर्म, म्हणजे एकत्र छापून दुमडलेला कागद. पाच फॉर्मची ८० पानं धरली आणि शीर्षक, अनुक्रमणिका अशी सुरुवातीची ८ वजा केली तर ७२ उरतात. एवढ्यात ५० कविता नीट बसतात. हातात असतात १२०, आणि एकही सोडवत नाही. मग एका पानावर दोन-दोन कोंबल्या जातात, टाइप बारीक होतो. लांब ओळ मोडते तेव्हा उरलेला तुकडा आत सरकवून लावला नाही, तर वाचक त्याला नवीच ओळ समजतो आणि लय तिथंच सांडते. त्यात १२ पानांची प्रस्तावना! तीन पानं पुष्कळ झाली.

साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे. छपाईची घाई करण्याआधी तिचे नियम वाचून घ्यावेत.

पुरवणीसाठी एकच सूचना. परीक्षणात सुट्या दोन-दोन ओळी देण्याऐवजी एक अख्खी कविता छापावी, कवीनं लिहिली तशीच, ‘न्हाई’सकट.

आपला,
एक मुद्रितशोधक, कोल्हापूर