वेचणीची वही आणि इंग्रजीचे काळ

ता. दारव्हा, जि. यवतमाळ
वेचणीचे दिवस

प्रिय गज्या,

तुझा फोन दोनदा आला, मी उचलला नाही. राग मानू नको. सराव परीक्षेत इंग्रजी व्याकरणावर असा आपटलो की कोणाशी बोलावंसंच वाटेना. राज्य लोकसेवा आयोगाच्या पेपरात चार उत्तरं चुकली की एका बरोबर उत्तराचे गुण गेले, तुला ठाऊकच आहे. चुकलेली मोजता मोजता छातीत धडधडायला लागलं. रात्री डोळा लागला तरी डोक्यात 'सिन्स' की 'फॉर' चालूच. शेवटी बाबा म्हणाले, "अबे, त्या इंग्रजीपायी जेवन कायले सोडतं?"

भिंतीवर बारा काळांचा तक्ता चिकटवला होता. उठल्याबरोबर तोच दिसायचा. परवा काढून टाकला.

सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) होऊन कापसाची वेचणी लागली, तशी वजनाची वही माझ्याकडे आली. दुपारी काट्यावर गाठोडं लावून शेजारच्या काकूनं विचारलं, "माहा किती झाला?" म्हटलं, "आतापर्यंत १८ किलो." आणि पेन तसाच हातात राहिला. आजचं पान अजून उघडं आहे, संध्याकाळपर्यंत आकडा वाढणार. म्हणजे 'शी हॅज पिक्ड'. कालची मजुरी दिली, पानावर रेघ मारली. तिथं नुसतं 'शी पिक्ड'. वाक्यात 'यस्टरडे' आलं की रेघ पडली समज, मग 'हॅज'ला जागा नाही. अन् 'आय हॅव सीन द ताजमहाल'? तिथं आयुष्याचं पान उघडं आहे, इतकंच. (मी पाहिलेला नाही, पण वाक्य बरोबर आहे.) हाच नियम मी तीन वर्षं घोकत होतो, गड्या.

दुसरी गंमत. 'मले' म्हटलं म्हणून मास्तरांनी आपल्याला उभं केलेलं आठवतं? घरची एक बोली आणि शाळेची दुसरी, असं आपण लहानपणीच शिकून बसलोय. हे पत्रही बघ, हात आपोआप शाळेच्या मराठीत वळतो. पण 'आय ॲम ईटिंग' मला कधीच जड गेलं नाही, कारण 'मी जेवून राहिलो' पाठीशी होतं. फसलो तेही तिथंच. आपण बिनधास्त 'मले समजून राहिलं' म्हणतो, म्हणून मी 'आय ॲम अंडरस्टँडिंग'वर टिक मारून आलो. 'नो', 'अंडरस्टँड' असल्या क्रियापदांना इंग्रजीत सहसा 'आयएनजी' लावत नाहीत. दोन प्रश्न त्यातच गेले.

आता रोज रात्री वहीतल्या हिशेबावर पाच वाक्यं लिहितो. चुकलं तर खोडतो, पाव गुण कोणी कापत नाही. झोपही बरी लागते.

'द' मात्र अजून छळतो. 'ॲन अवर' आणि 'अ युनिव्हर्सिटी' जमलं, कारण तिथं अक्षर पाहायचं नसतं, कानानं ऐकायचं असतं. पण वर्धा नदीला 'द' लागतो आणि माउंट एव्हरेस्टला नाही, हे ऐकून कसं कळणार? तेवढं सध्या सोडून दिलंय.

पुण्याहून येशील तेव्हा तुझी जुनी सरावपुस्तकं घेऊन ये. तोवर तुरीच्या शेंगा भरतील, उकडून खाऊ. उत्तर फोनवर नको, पत्रानं दे. काकू हाका मारून राहिली, काटा लावायचा आहे.

तुझा,
पव्या