उद्यानातील महोत्सव आणि परवान्याचे दिवस

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सार्वजनिक उद्यानात संगीत महोत्सवाला परवानगी द्यावी की नाही, यावरचा वाद बहुतेक वेळा आवाजापाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. आवाजाचा प्रश्न खरा आहे, पण त्याच्या आड एक साधी बाब दुर्लक्षित राहते. परवान्याच्या अर्जात कार्यक्रमाच्या तारखा ठळकपणे लिहिलेल्या असतात. उद्यान किती दिवस लोकांसाठी बंद राहील, हे मात्र तितक्या ठळकपणे कुठे लिहिलेले नसते. माझे आग्रहाचे म्हणणे असे की, पहिला ट्रक फाटकातून आत शिरतो तिथपासून हिरवळ पुन्हा सर्वांना खुली होते तिथपर्यंतचा प्रत्येक दिवस परवान्यात मोजला गेला पाहिजे.

लंडनमधील ब्रॉकवेल पार्कच्या प्रकरणात मे २०२५ मध्ये तेथील उच्च न्यायालयापुढे हाच हिशेब आला होता. मोकळ्या जागेचा वर्षातून २८ दिवसांपर्यंत तात्पुरता वापर करायचा असेल, तर इंग्लंडमध्ये स्वतंत्र नियोजन परवानगी लागत नाही. महोत्सव या सवलतीत बसतो, असे लॅम्बेथच्या स्थानिक प्रशासनाने प्रमाणित केले होते. प्रत्यक्षात रंगमंच, कुंपण आणि इतर बांधणी उभारण्याचे व उतरवण्याचे दिवस धरले तर उद्यान २८ पेक्षा अधिक दिवस अडकणार होते, त्यामुळे न्यायालयाने प्रशासनाच्या विरोधात निकाल दिला. महोत्सव त्यानंतरही पार पडले, हे येथे मुद्दाम नमूद करतो. कारण दिवस नीट मोजा असे सांगणे म्हणजे संगीताला विरोध करणे नव्हे.

दिवस मोजायचे ते केवळ फिरायला येणाऱ्यांच्या गैरसोयीसाठी नाहीत. उद्यानाचे खरे नुकसान जमिनीखाली होते आणि ते उशिरा दिसते. अवजड वाहन ओल्या मातीवरून गेले की मातीच्या कणांमधील पोकळ्या दाबल्या जातात; पाणी मुरेनासे होते, मुळांपर्यंत हवा पोहोचत नाही. चाकोरीत साचून राहिलेले पाणी आणि वाहनांसाठी अंथरलेल्या पत्र्यांखाली पिवळे पडलेले गवत ही त्याची पहिली खूण. गवत नव्याने लावता येते, परंतु जुन्या झाडाची बहुतांश मुळे मातीच्या वरच्या थरातच पसरलेली असतात आणि ती गुदमरली की फांद्या वाळण्याची लक्षणे कधी कधी काही वर्षांनी दिसू लागतात. तोवर आयोजकांची अनामत रक्कम परत गेलेली असते आणि झाड का वाळले, हे कोणी विचारतही नाही. म्हणूनच बांधकामाच्या वेळी झाडे जपण्यासाठी ब्रिटनमध्ये वापरला जाणारा ठोकताळा, म्हणजे खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचे वर्तुळ मोकळे ठेवणे, महोत्सवाच्या नकाशावरही सक्तीने आखला जावा असे मला वाटते.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील ‘ग्रेट लॉन’वर सप्टेंबर २०२३ मध्ये भर पावसात महोत्सव झाला. भिजलेल्या जमिनीवर अवजड सामग्री आणि गर्दी या दोन्हींचा भार पडून हिरवळीचा मोठा भाग उखडला गेला आणि ती पुढच्या वसंतापर्यंत बंद ठेवावी लागली. कार्यक्रम एका दिवसाचा, पण लोकांनी हिरवळ गमावली ती कित्येक महिने. पाऊस झाल्यास कार्यक्रम पुढे ढकलण्याचा किंवा थांबवण्याचा अधिकार कोणाला, आणि तो कोणत्या क्षणी वापरायचा, हे परवान्यातच लिहिलेले नसेल तर तिकिटे विकली गेल्यावर तो निर्णय घेण्याची हिंमत सहसा कोणी करत नाही.

आवाजाबद्दल थोडेच लिहितो. आपल्याकडील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिवर्धकाचा आवाज परिसराच्या विहित मर्यादेपेक्षा १० डेसिबलने अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्यापलीकडे जाता कामा नये. परंतु या मोजणीची पद्धत खालच्या स्वरांना कमी वजन देते, आणि भिंती ओलांडून खिडकीच्या काचा थरथरवतात ते नेमके तेच स्वर. त्यांची मर्यादा वेगळी ठरवावी आणि ध्वनिचाचणीचे दिवसही महोत्सवाचेच धरावेत.

उद्यानाच्या देखभालीला महोत्सवाच्या भाड्याचा आधार मिळतो, हा युक्तिवाद मला मान्य आहे. मात्र ते भाडे बंद राहिलेल्या प्रत्येक दिवसावर आकारले, तर आयोजक उभारणी आटोपशीर करतील आणि उद्यान लवकर मोकळे होईल. परवाना देणाऱ्यांना विनंती आहे की, हरकती मागवतानाच बंद राहणाऱ्या भागाचा नकाशा, सर्व तारखा आणि कार्यक्रमापूर्वीच्या जमिनीची छायाचित्रे उद्यानाच्या फाटकावर लावावीत, आणि अनामत रक्कम लगेच परत न करता पुढचा पूर्ण पावसाळा उलटल्यावर, माळ्यांच्या पाहणीनंतरच परत करावी.

आपला,
एक वाचक