बोटाला लागलेलं ग्रीस

ऑपरेटरकाका,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. ते तुम्हाला आवडणार नाही, एवढं त्या तीन दिवसांत मला कळलंय. ज्यांनी तुमच्याबरोबर काम केलंय ते ओळखतील आणि कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेलच. समोर आभार मानायला गेले तेव्हा तुम्ही "बरं बरं, चेन फार ताणू नका" म्हणून विषयच बदललात. म्हणून आता हे असं, चारचौघांत.

मी घेतलेल्या पहिल्या पोकलेनची गोष्ट आधी सांगावी लागेल. ती ऐकल्याशिवाय तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते कुणाला उमगायचं नाही.

मला शेतासाठी मधल्या आकाराचं पोकलेन हवं होतं, १४ टनांच्या आसपासचं. २० टनी मशीन माझ्या बांधांवर वळवताना निम्मा बांधच जातो, आणि छोटं घ्यावं तर मोठ्या दगडाला हात घातला की स्वतःच पुढे कलतं. कामं ठरलेली होती. शेततळं, पाणी धरून ठेवणाऱ्या तुकड्यात चर, जुन्या झाडांचे बुंधे, आणि आजेसासऱ्यांच्या काळापासून नांगराला आडवे येणारे दगड. भाड्याने मशीन मिळतं, नाही असं नाही. पण पाऊस तोंडावर आला की ते सगळ्यांना एकाच आठवड्यात लागतं आणि लहान शेताचा नंबर पाऊस पडून गेल्यावर येतो. नवं घ्यायची ऐपत नव्हती. मग जुनं.

घ्यायचं ठरल्यावर मी रात्र रात्र वाचत बसले होते. आपण कुठल्याही कंपनीच्या मशीनला पोकलेन म्हणतो, पण मुळात पोकलेन ही फ्रेंच कंपनी, १९२७ साली सुरू झालेली. १९५१ साली तिने पहिलं हायड्रॉलिक खोदयंत्र काढलं, आणि १९६१ सालचं तिचं टीवाय ४५ अख्खं गोल फिरायचं, हे सगळं मला पाठ. पेडलचं रबर किती झिजलंय ते बघायचं असतं, हे मात्र ठाऊक नव्हतं.

दलालाने दाखवलेलं मशीन नव्या नवरीसारखं पिवळंजर्द होतं. मीटरवर ४८०० तास. शेत माझ्या नावावर, कर्ज माझ्या नावावर, चेकवर सही माझी, आणि तो बोलत होता माझ्या दिराशी. भावोजी शाळेत भूगोल शिकवतात. "मला नका विचारू, वहिनींना विचारा," असं त्यांनी तीनदा सांगितलं. दलालाने तीनदा मान डोलावली आणि चौथ्यांदा पुन्हा त्यांनाच म्हणाला, "साहेब, डोळे झाकून घ्या."

डोळे झाकून कसं घेणार? म्हणून मी एका मेकॅनिकला पैसे देऊन तपासायला आणलं. त्याने मशीनभोवती एक चक्कर मारली, चेनला दोन लाथा घातल्या, इंजिन चालू करून कान लावला आणि "टंच आहे" म्हणाला. त्याला दुसऱ्या बाजूनेही पैसे मिळाले होते, हे मला पुढे तिसऱ्याच माणसाकडून कळलं. दोन्हीकडून घ्यायचे होते तर निदान गुडघ्यावर बसून खालून तरी बघायचं! तेवढं नाटकही त्याला करावंसं वाटलं नाही.

नवव्या आठवड्यात शेततळं अर्धं झालं असताना मशीन फिरताना कडकड वाजायला लागलं. दुसऱ्या दिवशी अडकून अडकून फिरू लागलं आणि तिसऱ्या दिवशी थांबलं. स्विंगचं बेअरिंग गेलं होतं, म्हणजे मशीनचं वरचं सगळं घर ज्या कड्यावर फिरतं ते कडं. ते बदलायचं तर बूम म्हणजे मशीनचा मोठा हात, पाठीमागचं वजन, सगळं सोडवून वरचा अख्खा भाग क्रेनने उचलून बाजूला ठेवावा लागतो. खर्चाचा आकडा ऐकून मी खाली बसले. दलालाने आधी फोन उचलून "मशीनच आहे ते, बिघडणारच" असं ज्ञान दिलं, नंतर उचलणंच बंद केलं. मेकॅनिक म्हणाला, मी बघितलं तेव्हा ठीक होतं. शेवटी स्पेअरपार्टवाल्याला ते मशीन दिलं, काय बिघडलंय ते सगळं सांगून. तो माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघत राहिला. दोष स्वतःहून सांगणारं गिऱ्हाईक त्याला बहुतेक पहिल्यांदाच भेटलं असावं.

दुसरं जुनं मशीन शोधायची वेळ आली, तुमची आठवण तेव्हा झाली. काही वर्षांपूर्वी भाड्याच्या मशीनवर तुम्ही आमचा वरचा बांध घातला होता. जेवणाच्या सुट्टीत सगळे सावलीत पडायचे आणि तुम्ही ग्रीसगन घेऊन पिनांभोवती फिरत असायचात, मशीन तुमच्या मालकीचं नसताना. नंबर जुन्या वहीत सापडला. मी रडतच बोलले असणार, कारण तुम्ही मध्येच म्हणालात, "ताई, विसार दिलाय का कुठे? नाही ना? मग अजून काही बिघडलेलं नाही." आणि सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या खर्चाने, दोन बस बदलून आलात.

आपण मिळून बघायला गेलो त्यातलं पहिलं मशीन तुम्ही पाच मिनिटांत सोडलंत. इंजिनच्या झाकणावर तळवा ठेवलात आणि मालकाला विचारलंत, "आमच्या आधी कोणी येऊन गेलं का?" तो नाही म्हणाला. "मग गरम का?" गार इंजिन पहिल्या झटक्याला सुरू होतं का आणि सुरू होताना धूर कसला सोडतं, हेच तर बघायचं असतं, आणि नेमकं तेच त्याने आपण पोचायच्या आत उरकून ठेवलं होतं. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय, काळा धूर जाईचना तर हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय, हे तुम्ही मला परतीच्या वाटेवर समजावलंत. तिथे त्याच्या तोंडावर नाही. त्याला तुम्ही फक्त "येतो" म्हणालात.

दुसऱ्या मशीनपाशी जे झालं, त्यासाठी हे पत्र आहे.

ते मशीनही रंगवलेलं होतं. तुम्ही बकेट जमिनीवर दाबून पुढचा भाग जरासा उचलायला लावलात आणि वरचं घर नि खालचा सांगाडा यांच्यामधली फट बघत बसलात. मग मालकाला स्विंगच्या ग्रीसचं झाकण उघडायला सांगितलंत. तो "कशाला उगाच" करत होता, पण तुम्ही तिथेच पाना घेऊन उभे राहिलात. झाकण निघालं. तुम्ही आत बोट घातलंत, बाहेर काढून उन्हात धरलंत. काही बोलला नाहीत. तुमच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना. मालक भावोजींकडे बघत होता, भावोजी तुमच्याकडे.

आणि तुम्ही बाजूला सरकून मला जागा करून दिलीत. "ताई, हात खराब होईल," म्हणालात, "पण तुम्ही स्वतः बघून घ्या."

मी बोट घातलं. गार, चिकट, जड. बाहेर काढून अंगठ्याने चोळलं तर काहीतरी खरखरीत लागलं. उन्हात धरलं तर चमकी लावल्यासारखे बारीक कण. कडं आणि त्यातले गोळे एकमेकांना खात होते आणि त्यांचा भुगा माझ्या बोटावर होता. माझ्या पहिल्या मशीनमध्येही हेच असणार. कुणीतरी झाकण उघडायला लावलं असतं, तर मला तेव्हाही दिसलं असतं. मी मालकाला म्हटलं, "हे नको." तुम्ही तोपर्यंत एक शब्द काढला नव्हता. मग खिशातून कापड काढून आधी मला दिलंत आणि तुमचं बोट पँटला पुसलंत.

काका, तुमच्या दृष्टीने हे काहीच नसेल. तुम्ही "नको" म्हणाला असतात तरी मी ऐकलंच असतं, आणि पैसे तेवढेच वाचले असते. पण इतक्या महिन्यांत ज्याने त्याने माझ्या डोक्यावरून दुसऱ्या कुणाशी तरी बोलून घेतलं होतं. दलाल भावोजींशी, मेकॅनिक दलालाशी. कर्जाच्या टेबलावरचा माणूस तर कागदांशी. माझं म्हणणं कुणाला नको होतं, माझी सही तेवढी हवी होती. तुम्ही मला ग्रीस दाखवलंत. मला कळेल, असं तुम्ही धरून चाललात, आणि मला खरंच कळलं.

घरी येऊन साबणाने दोनदा हात धुतले. नखात थोडं राहिलंच. आठवडाभर भाकरी थापताना ते दिसायचं आणि बरं वाटायचं, हे सांगितलं तर लोक हसतील. हसू देत.

तिसरं मशीन बघायला गेलो तेव्हा मी मनातून नापास करूनच उभी होते. रंग उडालेला, सीट फाटलेली, एका होजमधून, म्हणजे तेलाच्या नळीतून, तेल गळतंय, मीटरवर ९१०० तास. तुम्ही मात्र खूश दिसलात. "मीटर आणि पेडल एकच गोष्ट सांगतायत," म्हणालात. मी फसून घेतलेल्या त्या मशीनला ४८०० तासांचं मीटर होतं आणि पेडलचं रबर मात्र पार गुळगुळीत झालेलं, ते मला तेव्हा, इतक्या उशिरा, आठवलं. भाड्यावरचं मशीन वर्षाला २००० तास सहज ओढतं. माझ्या शेतात ३०० झाले तरी पुष्कळ. म्हणजे आकड्याला घाबरण्यासारखं तसं काही नव्हतं, आकडा खरा असल्याशी मतलब.

तिथे तुम्ही चार तास काढलेत. सगळं लिहीत नाही, पण बूमचा प्रयोग लिहिल्याशिवाय राहवत नाही. बकेटमध्ये माती भरून बूम वर धरलात, इंजिन बंद केलंत, बकेटच्या दातापासून जमिनीपर्यंत काठी उभी करून खूण केलीत आणि म्हणालात, आता दहा मिनिटं गप्पा मारू. दहा मिनिटांनी काठी पुन्हा लावली. किंचित उतरलं होतं, अगदी किंचित. ते मोजायला मला लावलंत. दोन्ही चेन एकदम पुढे सोडून मशीन सरळ जातं की एका बाजूला ओढतं, ते बघायला भावोजींना लांब उभं केलंत. भूगोलाचे मास्तर दिशा सांगण्याच्या कामी आले, त्यांनाही बरं वाटलं. स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ओढणाऱ्या चाकाचे, दात अजून बोथट होते, झिजून टोकदार झालेले नव्हते. ग्रीसचं झाकण उघडायची वेळ आली तेव्हा तुम्ही काहीच सुचवलं नाहीत. मीच पाना मागितला. स्वच्छ होतं.

गळणाऱ्या होजबद्दल विचारलं तर म्हणालात, "गळतंय ते दिसतंय ना, मग बरंय." मालकानेही कुठे काय झालंय ते आपणहून सांगितलं. मागच्या वर्षी हायड्रॉलिक पंप उघडला होता, तेही. त्याचेही आभार मानायला हवेत. फसवणाऱ्याची गोष्ट आपण दहा ठिकाणी सांगतो आणि सरळ माणसाची एकाही ठिकाणी नाही, मीसुद्धा तशीच. पण जुन्या मशीनच्या बाजारात सगळेच चोर बसलेत असं जे मी महिनाभर सगळ्यांना सांगत सुटले होते, ते त्या दिवसापासून बंद केलंय. चोर आहेत. आणि त्याच बाजारात, त्याच उन्हात, स्वतःच्या मशीनचा दोष बोट ठेवून दाखवणारेही आहेत. ते ओरडून विकत नाहीत, त्यामुळे लवकर सापडत नाहीत.

पैशाचं पाकीट तुम्ही घेतलं नाहीत. फार आग्रह केला तेव्हा बसचं भाडं घेतलंत, तेही एका बाजूचंच, का ते तुम्हालाच ठाऊक.

शेततळं पूर्ण झालंय. जिथे पहिलं मशीन बंद पडलं होतं तो कोपरा वेडावाकडाच राहिला, तसाच ठेवलाय. मशीन मी स्वतः चालवायला शिकतेय. अजून बकेट भरताना बूम आणि त्याच्या पुढचा आर्म एकदम हलवायला जमत नाही, एकामागून एक होतं, आणि शेजारची पोरं बांधावर बसून बघतात. रोज सकाळी सगळ्या पिनांना ग्रीस, तुम्ही सांगितलं तसं, इंजिन सुरू करायच्या आधी. मागच्या आठवड्यात फिरताना जरासा आवाज आला आणि माझ्या पोटात गोळाच आला. तुम्हाला फोन लावला. तुम्ही काय झालं असेल ते सांगितलं नाहीत, "झाकण उघडून काय दिसलं?" एवढंच विचारलंत. उघडलं होतं. स्वच्छ होतं. आवाज बकेटच्या पिनेचा निघाला.

तो गळणारा होज बदलला. जुना फेकलेला नाही, मशीनच्या शेडमध्ये खुंटीला टांगून ठेवलाय. पुढच्या वेळी मापाला लागेल, असं तुम्हीच म्हणाला होतात.