इशारा फोटोत नको, अक्षरांत द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर्या खवळणार असल्याची सूचना हल्ली आमच्या हर्णै बंदरात सगळ्यांत आधी व्हॉट्सॲपवर येते, आणि जवळजवळ दरवेळी ती फोटो म्हणून येते. मला डोळ्यांनी दिसत नाही. फोनवर आलेला मजकूर माझा फोन मला वाचून दाखवतो, पण फोटोत अडकलेली अक्षरं त्याला वाचता येत नाहीत. हे पत्र त्या एकाच गोष्टीबद्दल आहे. ती सुधारायला पैसा लागत नाही की नवं यंत्र लागत नाही. पाठवणाऱ्यांच्या कानावर ती गेली पाहिजे, आणि तुमच्या पेपरातून ती जाईल असा मला भरवसा आहे.

मी तरुणपणी बोटीवर खलाशी होतो. आधी रात्रीचं दिसेनासं झालं, मग बाजूचं, आणि चाळिशीच्या आत सगळंच. डॉक्टरांनी रेटिनायटिस पिगमेंटोसा असं निदान केलं. आता मी घरी बसून जाळी दुरुस्त करतो. फाटलेला आस, म्हणजे जाळ्याचा डोळा, बोटाला बरोबर लागतो, त्याला नजर लागत नाही. मुलगा एका नाखवाच्या, म्हणजे बोटमालकाच्या, बोटीवर तांडेल आहे, बोट तोच चालवतो. बोट बंदरातून सुटली की थोड्या अंतरावर मोबाईलची रेंज तुटते. म्हणून वाऱ्याचा अंदाज काय आहे ते बोट सुटायच्या आधी कळायला हवं. आमच्या घरात सकाळी लवकर उठून हवामान बघायचं काम माझं. बाकीच्यांना बर्फ, डिझेल, डबे यांतून सवड नसते.

आंधळा माणूस फोन वापरतो म्हणजे नक्की काय करतो, असं बरेच जण विचारतात. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक नावाची सोय आधीपासूनच असते, सेटिंगमध्ये जाऊन ती फक्त चालू करायची. आयफोनमध्ये तशीच व्हॉइसओव्हर असते. ती २००९ मध्ये आली. काचेवर बोट फिरवलं की बोटाखाली जे असेल ते फोन बोलून दाखवतो. बोट उजवीकडे सरकवलं की पुढची ओळ वाचतो, दोनदा टकटक केलं की ते उघडतं. मराठी आवाज आता चांगला आहे, इंटरनेट नसलं तरी चालतो. एवढ्या जोरावर मी बँकेतली शिल्लक पाहतो, जाळ्याचं सूत मागवतो, नातेवाइकांशी चॅट करतो. हातातली नोट कितीची आहे ते सांगायला रिझर्व्ह बँकेचं 'मणी' नावाचं ॲप आहे, १ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेलं. त्यालाही इंटरनेट लागत नाही. हे पत्रसुद्धा मी फोनवर बोलून टाईप केलं आहे आणि पुन्हापुन्हा ऐकून तपासलं आहे. मजकूर अक्षरांत असेल तर माझं कशावाचून अडत नाही, हे मला आधी स्पष्ट सांगायचं आहे.

आता इशाऱ्याकडे येतो. बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला की पूर्वी मला कोणीतरी येऊन सांगावं लागे. बावटा ही डोळ्यांनी पाहायची वस्तू, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण फोन आला तेव्हा मला वाटलं, आता दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहायला नको. सुरुवातीची काही वर्षं तसं झालंही. इशारे एसएमएसने येत, साध्या मजकुरात येत, आणि घरात सगळ्यांत आधी मला कळत. मग प्रत्येकाला त्या सूचनेची सुंदर पाटी करायची हौस आली. वर बोधचिन्ह, मागे लाटांचं चित्र, लाल-पिवळी अक्षरं, खाली पाठवणाऱ्याचा हसरा फोटो. हवामान खातं अंदाज काढतं, इन्कॉइस ही हैदराबादची समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था लाटांची उंची सांगते, तो मूळ मजकूर कोणीतरी टाईप केलेलाच असतो. वाटेत कुठेतरी त्याचा फोटो होतो आणि तिथून पुढे तो माझ्यापुरता मुका होतो. टॉकबॅक पाठवणाऱ्याचं नाव सांगतो, 'फोटो' म्हणतो, किती वाजता आला ते सांगतो आणि थांबतो.

लोक म्हणतात, फोटोतली अक्षरं वाचणारी ॲप आहेत की. आहेत. मी गुगल लेन्स वापरतो आणि त्याचे उपकारही मानतो. औषधाच्या खोक्यावरचं नाव, लग्नपत्रिकेतली तारीख असं ते नीट वाचतं. पण गेल्या हंगामात आलेल्या एका इशाऱ्याचं काय झालं ते सांगतो. फोटोत तक्ता होता. डाव्या रकान्यात जिल्ह्यांची नावं, मधल्यात वाऱ्याचा वेग, उजवीकडे लाटांची उंची. लेन्सने आधी सगळे जिल्हे सलग वाचले, पालघर, ठाणे, मुंबई, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. मग सगळे वेग सलग, मग सगळ्या उंच्या. मध्ये एक रकाना रिकामा असावा, कारण आकडे जिल्ह्यांपेक्षा कमी भरले. रत्नागिरीच्या वाट्याला कुठला आकडा आला ते मला पाच वेळा ऐकूनही लागेना. ताशी ४० किलोमीटरचा वारा आणि ताशी ६० किलोमीटरचा वारा यांत काय फरक असतो, तो बोटीवर गेलेल्या माणसाला सांगायला नको. शेवटी शेजारच्या मुलीला झोपेतून उठवलं. तिने एका नजरेत वाचलं. बोट त्या दिवशी गेली नाही. पण ती मुलगी परीक्षेसाठी दापोलीला मामाकडे असती तर मी काय केलं असतं, हा विचार मनातून जात नाही.

हा प्रश्न फक्त पूर्ण अंधांचा आहे असं समजू नये. माझ्या वहिनीला काचबिंदू आहे, थोडं दिसतं. अक्षरांतला मेसेज ती फोनचा टाईप मोठा करून वाचते. फोटो मोठा केला तर अक्षरं फाटतात, कारण व्हॉट्सॲपवरून फिरता फिरता फोटो अगोदरच पुसट झालेला असतो. पिवळ्यावर पांढरी अक्षरं असली तर तिला पाटी कोरीच दिसते. साठी ओलांडलेल्या किती जणांची हीच स्थिती असेल ते प्रत्येकाने आपापल्या घरात पाहावं.

आणि रेंजचं काय? ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगड भागाचं जे केलं ते तुमच्याच पानांवर आलं होतं. झाडं, छपरं, खांब, सगळं आडवं. वीज गेली, टॉवर बंद पडले. रेंज परत आली तेव्हाही ती इतकी अशक्त होती की फोटो गोल गोल फिरत राहायचा, उघडायचाच नाही. डोळस माणसालाही नाही. त्या दिवसांत एसएमएस मात्र अधूनमधून यायचे. लेन्सला इंटरनेट लागतं, म्हणजे वादळात ते कामाचं नाही. चार ओळींच्या मजकुराला मात्र नावापुरती रेंजही पुरते. अडचणीच्या दिवसासाठी जी सूचना काढायची ती अडचणीच्या दिवशी पोचेल अशाच रूपात काढली पाहिजे, नाही का?

सरकारला हे जमत नाही असंही नाही. २०२३ मध्ये देशात ठिकठिकाणी फोन वाजवून आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी घेतली होती, ती अनेकांना आठवत असेल. लोक घाबरले, रागावले. मला मात्र आनंद झाला, कारण तो मजकूर होता आणि टॉकबॅकने तो पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचला. त्या रात्री मी घरी म्हटलं, वादळाची खबर आता मलाही त्याच क्षणी मिळेल ज्या क्षणी तुम्हाला मिळेल.

पीडीएफचं दुखणं वेगळं आहे. आमच्या भागातल्या एका कार्यालयाची सूचना मागे पीडीएफमध्ये आली. फोटो नव्हता, अक्षरंच होती, म्हणून मी आशेने उघडली. फोन वाचू लागला, एल, के, ओ, झेड, सेमिकोलन, टी. पानभर तेच. कॉम्प्युटर शिकलेल्या पुतण्याने कारण सांगितलं. जुन्या मराठी फॉण्टमध्ये टाईप केलं की डोळ्यांना देवनागरी दिसते, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फोन आतलं वाचतो. युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत टाईप केलं तर आतही मराठीच राहते, आणि युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. आजच्या कुठल्याही फोनवर मराठी टाईप केलं तर ते युनिकोडच असतं. तरी कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर तो जुना फॉण्ट बसून आहे, कारण आधीच्या क्लार्कने त्यातच नमुने करून ठेवलेत. आणि जिथे युनिकोड आहे तिथे प्रिंट काढून, सही-शिक्का मारून, स्कॅन करून परत फोटोच पाठवतात. सही-शिक्क्याची प्रत हवी तर जरूर पाठवा, पण तिच्याबरोबर टाईप केलेला मजकूरही सोडा.

कायदा या बाबतीत आमच्या बाजूचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधलं कलम ८ नैसर्गिक आपत्तीबद्दल बोलतं. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवायची आणि धोक्याची परिस्थिती असेल तर त्यांना ती योग्य रीतीने कळवायची, असं त्यात आहे. त्याच कायद्याचं कलम ४२ सांगतं की छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर आम्हाला वापरता येईल अशा स्वरूपात असावा. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तर डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तो खटला बँकेच्या केवायसीवरून, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्यावरून, होता. कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवा, असं ज्यांना करता येत नाही त्यांचं काय, यावरून. न्यायालयाने जे केवायसीबद्दल म्हटलं ते वादळाच्या इशाऱ्याला तर अधिकच लागू व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पण मी कोर्टकचेरीची भाषा करायला बसलेलो नाही. गावात पूर्वी दवंडी पिटत, ती आंधळ्यालाही कळे, अडाण्यालाही कळे. आजही आमच्याकडे कधी कधी रिक्षेवर कर्णा लावून सांगत फिरतात आणि ते उत्तम आहे. फोनवरही तेवढंच सोपं करता येईल. ज्याने पाटी तयार केली त्याने ती टाईप केलेलीच असते. तोच मजकूर उचलून फोटोच्या खाली चिकटवावा, बस. तक्ता असेल तर जिल्ह्यावार एकेक वाक्य लिहावं, 'रत्नागिरी, वारा इतका, लाट इतकी'. ग्रामपंचायत, मच्छीमार सोसायट्या, वीज आणि पाणी बंद राहणार असल्याचं कळवणारे, एसटीच्या बदललेल्या वेळा पाठवणारे, ग्रुपचे ॲडमिन, सगळ्यांनाच ही विनंती आहे. वेळ नसेल तर दहा सेकंद बोलून व्हॉइस मेसेज टाकावा. आमचे एक सरपंच टाकत असत. त्यांचा आवाज ऐकला की वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांनाही पटकन समजायचं.

१ ऑगस्टला मासेमारीबंदी उठते आणि बोटी पुन्हा दर्यात जातात. ऑगस्ट ते ऑक्टोबर हे वाऱ्याचे सगळ्यांत बेभरवशाचे महिने. २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीचं क्यार वादळ विसरलेला माणूस या किनाऱ्यावर नसेल. वारा वाढला की इथल्या बोटी आंजर्ल्याच्या खाडीत नाहीतर जयगडला आसऱ्याला जातात, आणि त्या वेळी अर्ध्या तासानेही फरक पडतो. जिल्हा प्रशासनाने तरी हंगाम सुरू होण्याआधी आपल्या सगळ्या कार्यालयांना एक ओळीची सूचना काढावी, की धोक्याचा इशारा मजकुराशिवाय नुसत्या फोटोत पाठवायचा नाही.

संपादक महाशय, शेवटचं मागणं तुमच्याकडे आहे. तुमच्या ई-पेपरचं पान माझ्या फोनला एक मोठा फोटोच दिसतं. मुंबई-दिल्लीच्या बातम्या वेबसाइटवर अक्षरांत असतात, त्या मी रोज ऐकतो. पण आमच्या जिल्ह्याचं पान, बंदरातले भाव, वाचकांची पत्रं, निधनवार्ता, हे फक्त ई-पेपरात सापडतं आणि ते मला मुलाकडून वाचून घ्यावं लागतं. तो दर्यात असला की राहून जातं. जिल्ह्याचं पान वेबसाइटवर अक्षरांत टाकायला सुरुवात करावी. हे पत्र छापलंत तर तेही तिथे टाका. जिल्ह्यातल्या दृष्टिहीनांचा आमचा एक ग्रुप आहे, तिथे मी त्याची लिंक देईन.

आपला,
एक दृष्टिहीन वाचक
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी