सांगाड्यांच्या किनाऱ्यावरून

प्रिय दोस्ता,

निघायच्या आदल्या रात्री फोनवर तू विचारलंस, "स्टेपनी किती आहेत?" मी "एक" म्हणालो आणि तू गप्प झालास. तुझं ते गप्प होणं नामिबियाच्या त्या किनाऱ्यावर मला पुन्हा पुन्हा आठवलं, म्हणून आधी तुलाच लिहितोय.

स्वाकोपमुंड हे किनाऱ्यावरचं गाव सोडलं तेव्हा बॉनेटच्या पुढचं काही दिसत नव्हतं. बेंग्वेला प्रवाहाच्या गार पाण्यावरून दमट हवा येते, तिचं धुकं होतं आणि ते सरळ वाळवंटात शिरतं. रस्ता मिठाचा. जिप्समच्या मातीवर खारं पाणी मारून दाबलेला. कोरडा असताना डांबरी वाटतो, भिजला की साबण. हेंटीस बेच्या अलीकडे 'झैला' नावाचं जहाज वाळूत रुतलंय. भंगारात विकून मुंबईकडे ओढून नेत होते, 2008 साली दोर सुटला आणि ते इथे लागलं. ते दिसताच दादाने ब्रेक मारला आणि गाडी अख्खी आडवी फिरली. समोरून कोणी येत नव्हतं, एवढंच आमचं नशीब.

केप क्रॉसला हजारो सील, आणि डोकं उठवणारा वास. फार थांबलो नाही. स्केलेटन कोस्ट, म्हणजे सांगाड्यांच्या किनाऱ्याच्या राष्ट्रीय उद्यानाच्या उगाब फाटकावर दुपारी 3 च्या आत पोचायचं होतं. त्या फाटकावर कवटी आणि हाडं रंगवलेली आहेत. तिथल्या माणसाने परवान्यावर नावं, गाडीचा नंबर लिहिला, कागद हातात दिला आणि म्हणाला, पलीकडच्या फाटकावर हा द्या.

पुढे खडीचा रस्ता. तासाभराने मागचं चाक बसलं. टायरची बाजूच दगडाने चिरली होती, म्हणजे पंक्चर काढायचा प्रश्नच नव्हता. जॅक खडीत रुतत होता, पाण्याच्या खोक्याची फळी खाली घातली तेव्हा कुठे गाडी उचलली गेली. फोनला रेंज नाही. एक कोल्हा वीस पावलांवर येऊन बसला आणि आम्ही निघेपर्यंत हलला नाही.

आणि आता स्टेपनी संपली होती. तरी मला किनाऱ्याकडे जाणाऱ्या चाकोरीने जाऊन एक पडकं जहाज बघायचं होतं. दादाने किल्लीच काढून घेतली. म्हणाला, "1942 चं विसरलास?" आदल्या रात्री मीच त्याला वाचून दाखवलं होतं: 'डनेडिन स्टार' हे जहाज याच किनाऱ्यावर, पण बरंच उत्तरेला, वाळूला लागलं. मदतीला आलेली टग, म्हणजे जहाजं ओढणारी बोट, फुटली, तिच्यावरची दोन माणसं गेली. विमान उतरलं तेही वाळूत अडकलं. इथे आपण अडकलो की आपल्यामागे येणाराही अडकतो. शिवाय त्या चाकोरीभोवती धुक्यावर जगणारं दगडफूल पसरलेलं. चाक गेलं की खूण कित्येक दशकं राहते. मला हे सगळं माहीत होतं, आणि तरी मी हट्ट करत होतो. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

नंतर ताशी 40 च्या वर गेलो नाही. दोघंही बोलत नव्हतो, कान चाकांकडे. तोरा बेला वळलो, समुद्र मागे पडला, धुकं विरलं आणि ऊन इतकं लख्ख पडलं की डोळे दुखले.

स्प्रिंगबोकवासरच्या फाटकावर एक बाई खुर्ची टाकून बसली होती. दादाने कागद दिला. तिने नंबर ताडून पाहिला, गाडीभोवती एक चक्कर मारली, स्टेपनीच्या रिकाम्या जागेवर हात ठेवला आणि आम्हा दोघांना प्यायला पाणी आणून दिलं.

पुढच्या वेळी दोन स्टेपनी, आणि तू.

तुझाच