जिन्यातला दिवा कोण बंद करतं?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कृतज्ञतेवर हल्ली फार वाचायला मिळतं. सकाळी डोळे उघडायच्या आत फोनवर दोनतीन फॉरवर्ड येऊन पडलेले असतात, उगवता सूर्य आणि खाली जे आहे त्याबद्दल आभारी राहा वगैरे, पाठवणाऱ्यानेही ते वाचलेलं नसतं आणि आपणही जोडलेल्या हातांचा इमोजी टाकून मोकळे होतो. मला त्याची चेष्टा करायची नाहीये (थोडी करायची आहे), पण मला वाटतं घरातल्या घरात आपण एकमेकांचे आभार मानत नाही ते काही आपण कृतघ्न असतो म्हणून नाही, कोण काय करतंय हे आपल्याला मुळात माहीतच नसतं. निदान मला तरी नव्हतं, म्हणून हे पत्र.

झालं असं की पाय घसरून पडले आणि उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. आता त्याच्या आधीची मी कशी होते ते सांगायला पाहिजे. घरातलं सगळं मीच करते, मी नसले तर ह्या घराचं काय होईल देव जाणे, आणि एकालाही त्याची जाणीव नाही, हे मी मनातल्या मनात रोज म्हणायचे आणि मोठ्याने महिन्यातून एकदा. त्यामुळे प्लास्टर पडल्यावर दुखत होतं ते होतंच, पण खरं सांगते, आतून एक बारीकसं समाधानपण होतं की आता कळेल ह्या लोकांना.

कळलं मलाच.

दिवसभर खुर्चीत बसून राहिलं की घर वेगळंच दिसतं. मी कामात असायचे तेव्हा मला फक्त माझं काम दिसायचं, आता हात गळ्यात बांधून बसल्यावर बाकीच्यांचे हात दिसायला लागले. रात्री अकराच्या सुमाराला नवरा उठतो, दाराची कडी बघतो, गॅसचा नॉब हाताने चाचपून बघतो, गॅलरीचं दार एकदा ढकलून बघतो आणि मग सगळ्यांचे फोन गोळा करून चार्जिंगला लावतो. मी इतकी वर्षं सकाळी फुल चार्ज झालेला फोन उचलतेय आणि तो चार्ज कसा होतो हा प्रश्न मला एकदाही पडला नाही, जसा काही तो रात्री झोपून उठला की आपोआप ताजातवाना होतो. मुलीचं तसंच. सासूबाईंच्या गोळ्यांचा सात खणांचा डबा ती दर रविवारी भरते. मला वाटायचं सासूबाई स्वतःच भरतात, आणि सासूबाईंना वाटायचं मी सांगते म्हणून ती भरते. तिला कुणीच सांगितलेलं नव्हतं.

आणि सासूबाई! त्यांचं आता घरात काय काम राहिलंय असं मी कधी बोलले नाही पण मनात असायचं, लपवून काय उपयोग. त्या दुपारी दोन तास फोनवर असतात, मी त्याला टाइमपास समजत होते. नीट ऐकल्यावर लक्षात आलं की कुणाचं ऑपरेशन झालं, कुणाच्या नातवाची परीक्षा आहे, कोण कुणावर रुसलंय ह्या सगळ्याचा हिशोब त्यांच्याकडे आहे आणि त्या सगळ्यांना बरोबर वेळेवर फोन जातो. माझ्या एका नणंदेशी माझं चार वर्षांपूर्वी वाजलं होतं, ते पुढे कसं काय निवळलं असं मला नेहमी वाटायचं, तर ते असं निवळलं होतं. मुलाच्या बाबतीत मात्र खूप बघूनही अजून काही सापडलेलं नाही, शोध चालू आहे.

मुलगी मानसशास्त्र शिकते, तिला मी हे सगळं सांगितलं तर ती हसायला लागली. म्हणाली आई, ह्याच्यावर १९७९ सालचा अभ्यास आहे, मायकेल रॉस आणि फिओर सिकोली म्हणून कॅनडातले दोघं होते, त्यांनी नवराबायकोंना वेगवेगळं बसवून वीस गोष्टींची यादी दिली आणि विचारलं ह्यात तुझा वाटा किती. दोघांचे आकडे मिळवले की बहुतेक वेळा बेरीज शंभराच्या वर जायची. म्हणजे कुणी खोटं बोलत नव्हतं, आपण केलेलं आपल्याला सहज आठवतं आणि दुसऱ्याने केलेलं आठवत नाही, कारण ते होताना आपण तिथे नसतोच. मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे त्या यादीत भांडण सुरू करणं असलीपण कामं होती आणि त्यातही लोक आपला वाटा जास्तच सांगत होते. म्हणजे हा नुसता बढाईचा प्रकार नाही.

मग आम्ही घरी करून बघितलं, चिठ्ठ्यांवर. मी ७० लिहिले (प्लास्टरमध्ये असूनसुद्धा, आणि एवढं सगळं बघून झाल्यावरसुद्धा), नवऱ्याने ४०, मुलीने ३५, सासूबाईंनी २० आणि वर म्हणाल्या कमीच लिहिलेत, मुलाने २५. कशाचे ते कुणी विचारलं नाही. बेरीज १९०. म्हणजे आमच्या घरात जवळजवळ दोन घरांचं काम चालतं आणि तरी सिंकमध्ये भांडी पडलेली असतात.

तर माझा मुद्दा असा की कृतज्ञ ह्या शब्दातच सगळं आलंय. कृत म्हणजे केलेलं आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. केलेलं जाणणारा, बस. त्यात हात जोडणं नाही, गहिवरून येणं नाही, आधी माहिती पाहिजे. आणि अडचण नेमकी अशी आहे की घरातलं चांगलं झालेलं काम दिसतच नाही, ते थांबलं की दिसतं. कडी लावलेली दिसत नाही, उघडी राहिली की दिसते. अतिपरिचयात् अवज्ञा म्हणतात, पण मला वाटतं इथे परिचयच कमी पडतो. एका छपराखाली वीस वर्षं राहून माणूस रविवारी काय करतं ते मला माहीत नव्हतं, ह्याला अतिपरिचय कसं म्हणायचं?

आता कुणी म्हणेल घरात कसले आभार, आभार मानून परकं करताय का. हे मला पटतं. उलट ह्यावर २०१८ साली एक अभ्यास झालाय, पाच खंडांतल्या आठ भाषांमधलं घरगुती रोजचं बोलणं रेकॉर्ड करून, की एकाने काही मागितलं, दुसऱ्याने दिलं, मग आभार किती वेळा मानले गेले. तर साधारण वीसात एकदा. इंग्रजी आणि इटालियनवाले जरा जास्त मानतात, आणि इक्वाडोरमध्ये चापाला नावाची भाषा आहे त्यांच्याकडे थँक यूसारखा ठरलेला शब्दच नाही. पण मागितलेली वस्तू किंवा मदत मात्र बहुतेक वेळा मिळत होती. म्हणजे लोक एकमेकांना धरून आहेत, फक्त बोलून दाखवत नाहीत. मला हे वाचून बरं वाटलं. पाण्याचा ग्लास दिला थँक यू, फॅन लावला थँक यू असं घरात सुरू झालं तर मला तरी रिसेप्शनवर उभं असल्यासारखं वाटेल.

पण थँक यू म्हणणं वेगळं आणि 'तू हे करतेस ते मला कळलं' हे सांगणं वेगळं, आणि हे दुसरं जमायला मला चार दिवस लागले. जीभ वळत नाही हो. परक्या माणसाने लिफ्टचं दार धरलं तर आपण लगेच थँक यू म्हणतो आणि घरच्या माणसाला काही सांगायचं तर लाज वाटते, नाटकी वाटतं, ते काय म्हणतील वाटतं. ह्याचंही उत्तर मुलीकडे होतं. अमित कुमार आणि निकोलस एप्ली ह्यांनी २०१८ मध्ये लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला लावली आणि आधी अंदाज विचारला की समोरच्याला कसं वाटेल. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्याला फार अवघडल्यासारखं होईल, प्रत्यक्षात तेवढं झालं नव्हतं, आणि आनंद मात्र अंदाजापेक्षा जास्त झाला होता.

ते ऐकून मी धीर करून नवऱ्याला म्हटलं, अहो तुम्ही रोज सगळ्यांचे फोन लावता चार्जिंगला ते मी बघितलं. तर म्हणे, काय पाहिजे तुला? हे अभ्यासात येत नाही. मुलीला गोळ्यांच्या डब्याचं बोलले तर ती नुसतं हं म्हणाली आणि परत फोनमध्ये गेली, मला वाटलं गेलं वाया. पण त्या रात्री माझे केस विंचरताना (मला एका हाताने जमत नव्हतं) तिने आपणहून आजीला कुठल्या गोळीमुळे चक्कर येते, डॉक्टरांना काय विचारायचंय, सगळं सांगितलं. हे तिच्याकडे कधीपासून होतं, सांगायला कोणी नव्हतं. सासूबाईंना मी अजून काही बोललेले नाही, पण दुपारी त्या फोनवर असताना आता मी टीव्हीचा आवाज कमी करते. त्यांच्या लक्षात आलंय.

कृतज्ञतेची डायरीपण करून बघितली. तिची मूळं एमन्स आणि मॅककलो ह्यांच्या २००३ च्या अभ्यासात आहेत, आठवड्यातून एकदा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या, दहा आठवडे, आणि तसं लिहिणारे लोक कटकटींची यादी करणाऱ्यांपेक्षा आयुष्याबद्दल जास्त समाधानी निघाले. मी उत्साहाने रोज लिहायला घेतलं, तेही डाव्या हाताने, आणि चौथ्या दिवशी घर आहे, माणसं आहेत, हातपाय आहेत (एक हात सोडून) ह्याच्या पुढे गाडी जाईना. नंतर कळलं की दुसऱ्या एका अभ्यासात आठवड्यातून एकदा आणि तीनदा अशी तुलना केली होती त्यात फायदा एकदावाल्यांनाच झाला होता. रोजचं झालं की त्याचाही रतीब होतो. बंद केली मी डायरी.

एक गोष्ट मात्र बोलायलाच पाहिजे कारण ह्या विषयावर लिहिणारे ती सहसा टाळतात. आभार मानले म्हणजे काम वाटून घेतलं असं होत नाही. वर्षातून एकदा आईचा फोटो टाकून 'घराचा कणा' लिहायचं आणि कण्याने बाकीचे दिवस वाकूनच राहायचं, त्या कौतुकापेक्षा एक बादली उचललेली बरी. आणि ह्याची दुसरी बाजू म्हणजे माझ्यासारख्या मागून घेणाऱ्या. मी तुमच्यासाठी एवढं केलं, तुम्हाला किंमत नाही, हे म्हटलं की समोरचा आभार नाही मानत, तो हप्ते मोजायला लागतो. आभारात भार आहे तो असा वर येतो. ते महिन्यातून एकदा मोठ्याने म्हणणं मी सोडलंय, म्हणजे प्रयत्न चालू आहे, गेल्या महिन्यात दीड वेळा झालं. प्लास्टर निघाल्यावर मी सगळी कामं परत माझ्याकडे ओढून घेणार होते, सवयीने, पण नवरा म्हणाला राहू दे की, आता लागलीय सवय, आणि निम्मी कामं जिथे गेली होती तिथेच राहिली. एवढा हात मोडायला पाहिजे होता का हा प्रश्न आहेच.

घराबाहेरचं एकच सांगते, कारण दिव्याचं शीर्षक दिलंय.

आमच्या बिल्डिंगच्या जिन्यातले दिवे संध्याकाळी लागतात आणि सकाळी बंद असतात. मला कायम वाटायचं ते ऑटोमॅटिक आहेत. प्लास्टरचे दिवस होते तेव्हाच एकदा ते सलग तीन दिवस भर दुपारीही चालू राहिले, तेव्हा ग्रुपवर मेसेज सुरू झाले की सेन्सर बिघडलाय, कंप्लेंट करा, काय मेंटेनन्स घेता. दोनतीन जण चांगलेच तापले. मग कुणीतरी लिहिलं की सेन्सर वगैरे काही नाहीये, तिसऱ्या मजल्यावरचे काका आजारी आहेत. ते सकाळी फिरायला जाताना बंद करतात आणि संध्याकाळी परत येताना लावतात, गेली कित्येक वर्षं. त्यानंतर ग्रुप एकदम शांत झाला, मग हळूहळू जोडलेल्या हातांचे इमोजी यायला लागले.

काका बरे झाल्यावर मी त्यांना भेटून सांगितलं की आम्हाला माहीतच नव्हतं. ते म्हणाले अहो त्यात काय, बटन वाटेतच आहे, मी जातोच तिकडून. मी बटन कुठे आहे ते त्यांच्याकडून बघून घेतलं, ते तळमजल्यावर मीटरच्या पेटीमागे आहे आणि अजिबात वाटेत नाहीये, वाकून हात घालावा लागतो. आता ते महिनाभर मुलाकडे गेलेत तर सकाळचं आणि संध्याकाळचं माझ्याकडे आहे. गेल्या आठवड्यात सासूबाईंच्या तपासण्यांच्या गडबडीत मी दोन दिवस साफ विसरले, तिसऱ्या दिवशी सकाळी आठवलं तशी धावत खाली गेले तर दिवे बंद. रात्री मात्र लागलेले होते, मी येताना बघितले होते.

कोण ते अजून कळलं नाही. मुलाला विचारलं, तो म्हणाला मला काय माहीत, आणि जरा घाईनेच बाहेर गेला.

आपली,
एक वाचक