मात्सुमोतोची चार मिनिटं

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

बँकेत इतकी वर्षं गेली, आता कथा लिहून काय होणार, असं तू परवा फोनवर म्हणालीस. म्हणून सेइचो मात्सुमोतो या जपानी रहस्यकथाकाराबद्दल लिहितोय.

जन्म १९०९, जपानच्या क्यूशू बेटावर कोकुरा गावी वाढला. घरची गरिबी, शाळा लवकरच सुटली. आधी हरकाम्या, मग छापखान्यात, पुढे आसाही वृत्तपत्राच्या जाहिरात विभागात. महायुद्धानंतर पगारात भागेना, तेव्हा रेल्वेने गावोगाव फिरून केरसुण्या विकल्या. पहिली कथा आली तेव्हा चाळिशी उलटली होती. १९५३ साली अकुतागावा पुरस्कार मिळाला तो मोरी ओगाई या थोर लेखकाच्या हरवलेल्या रोजनिशीचा शोध घेणाऱ्या एका अपंग तरुणाच्या कथेला.

आणि मग १९५७ पासून एका प्रवासविषयक मासिकात आलेली 'तेन तो सेन', म्हणजे 'बिंदू आणि रेषा' ही रहस्यकादंबरी! टोकियो स्टेशनात तेरा नंबरच्या फलाटावरून पंधरा नंबरवर उभी 'आसाकाझे' एक्सप्रेस दिसायची, तर मधले रूळ मोकळे हवेत. ते संध्याकाळी ५.५७ ते ६.०१ एवढाच वेळ मोकळे. नेमकं त्याच वेळी कोणी कोणाला 'सहज' पाहतं. सई, रेल्वे कंट्रोलमध्ये नोकरी केलेल्या तुझ्या बापाला हे वाचून झोप आली नाही. पुढे फुकुओकाजवळच्या किनाऱ्यावर एक जोडपं मेलेलं सापडतं. सगळे म्हणतात, प्रेमी होते, जीव दिला. एका वयस्क पोलिसाला मात्र मृताच्या खिशातली डायनिंग कारची पावती खुपते: ती एकाच माणसाच्या जेवणाची असते.

पण मला तो आवडतो तो यापुढच्या गोष्टीसाठी. बंद खोलीतल्या चमत्कारिक खुनांपेक्षा त्याने विचारलं, माणूस या थराला का जातो? मेलेला तो मंत्रालयातला कनिष्ठ अधिकारी, लाचखोरीच्या चौकशीत वरच्यांना अडचणीचा ठरलेला. अशा माणसांची घुसमट मात्सुमोतोला ठाऊक होती. शिक्षण नाही म्हणून कचेरीत खालच्या पायरीवर बसण्याचा अपमान त्याने स्वतः गिळला होता.

तुझ्या शाखेतल्या कर्जखात्यात सह्यांसाठी दुसऱ्यांना पुढे करतात, असं तू मागे सांगितलं होतंस. नावगाव बदलून ते लिही आणि मला पाठव. राजीनाम्याची घाई मात्र करू नकोस. त्यानेही नोकरी सोडली ती १९५६ साली, पुरस्कार मिळून तीन वर्षं झाल्यावर.

तुझा,
बाबा